पितळ तोलणारा देश

विजेच्या सामानाच्या दुकानात गिझरसाठी 16 अँपिअरचा प्लग मागितला, की दुकानदार दोन नग पुढे ठेवतो आणि त्यांतला एक तळहातावर तोलून दाखवतो. ‘हा घ्या, भरीव पितळ आहे.’ गिऱ्हाईकही तो हातात घेऊन वजनाचा अंदाज घेते आणि समाधानाने पैसे मोजते. वेष्टनावर ‘हेवी ब्रास’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. या पिना ज्या सॉकेटमध्ये बसणार, त्याच्या आतील पत्र्याची पकड किती बळाची आहे आणि हजारदा प्लग घालून-काढून झाल्यावर ती किती उरते, हे मात्र कोठेच छापलेले नसते. दुकानदार ते सांगत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही. विद्युत सुरक्षेविषयीचे या देशाचे एक मोठे अज्ञान या छोट्याशा व्यवहारात सामावलेले आहे.

हे अज्ञान दुतोंडी आहे. ग्राहक मानतो, धातू जास्त म्हणजे जोड भक्कम. स्वस्त माल काढणारा उत्पादक मानतो, धातू कमी म्हणजे नफा जास्त. एकाला वजन वाढलेले हवे, दुसऱ्याला घटलेले. तराजू मात्र दोघांचाही एकच. विद्युत जोडाची गुणवत्ता त्या तराजूत पडतच नाही. ती पत्र्याच्या आकारात, त्याच्या वाकण्यात आणि वाकून पुन्हा मूळ जागी येण्यात असते. कमी धातूत घट्ट बसणारा जोड घडवता येतो. प्रगत उद्योगांत तो रोज घडवला जातो. त्यासाठी काढून घेतलेल्या धातूच्या जागी विद्या घालावी लागते. ती न घालता नुसता धातू काढून घेतला, तर त्या रिकाम्या जागेत उष्णता येऊन बसते.

दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांना टेकले की ते सर्वत्र टेकले, असे डोळ्यांना वाटते. प्रत्यक्षात गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठावरही सूक्ष्म डोंगरदऱ्या असतात आणि स्पर्श होतो तो मोजक्या शिखरांचाच. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ रॅग्नर होल्म यांनी विद्युत संपर्कांच्या या विषयाला शास्त्राचे रूप दिले. केंब्रिजच्या बोडन आणि टेबर यांनी 1939 मध्ये दाखवून दिले, की खरे स्पर्शक्षेत्र हे पृष्ठभागाच्या दिसणाऱ्या विस्तारावर ठरत नाही. ते दाबणारे बल आणि धातूची कठिनता यांवर ठरते.

हिशेब करून पाहावा. पितळाचे दोन पृष्ठभाग 10 न्यूटन बळाने, म्हणजे साधारण एक किलोच्या वजनाइतक्या जोराने, एकमेकांवर दाबले तर खरा स्पर्श एका चौरस मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढाच होतो. त्यामागे पितळाचा पत्रा असो की ठोकळा, सारी विद्युतधारा या चिमुकल्या वाटेनेच जाते. स्वच्छ पृष्ठभागांसाठी या वाटेचा रोध सुमारे 0.6 मिलिओहम भरतो आणि 16 अँपिअर धारेला तेथे जेमतेम 0.15 वॉट उष्णता निर्माण होते. बल चौपट केले तर रोध निम्मा होतो. बल चौथ्या हिश्श्यावर आले तर तो दुप्पट होतो. या समीकरणात बल आहे, कठिनता आहे, धातूची वाहकता आहे. प्लगचे वजन त्यात कोठेही नाही.

स्पर्श चांगला असेपर्यंत सारे सुरळीत चालते. पकड सैल झाली की हवा आणि ओलावा त्या शिखरांपर्यंत पोहोचतात, पृष्ठावर ऑक्साइडचा थर चढतो आणि रोध वाढू लागतो. वाढलेल्या रोधाने उष्णता वाढते, उष्णतेने पितळाची स्प्रिंग आणखी मरते, पकड आणखी सुटते आणि रोध पुन्हा वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. रोध 20 मिलिओहमवर गेला तर 16 अँपिअरला 5 वॉट उष्णता होते. तो 100 मिलिओहमवर पोहोचला तर 25 वॉटांहून अधिक. 25 वॉट ही बाजारात मिळणाऱ्या साध्या सोल्डरिंग आयर्नची शक्ती आहे. ते आयर्न प्लास्टिकच्या डबीत घालून, डबी भिंतीत बसवून चालू ठेवावे, तसा हा प्रकार होय.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ असा मथळा येतो. हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यामागे नेमके काय घडले, हे शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. शॉर्ट सर्किटमध्ये धारा प्रचंड वाढते आणि एमसीबी क्षणात खाली पडते. सैल जोडात धारा वाढत नाही, उलट किंचित घटते. एमसीबीच्या दृष्टीने सर्व काही आलबेल असते. धारा जमिनीत गळतही नसल्याने गळती ओळखणारे उपकरणही गप्प राहते. घरातले दोन्ही पहारेकरी जागे असतात आणि चोर त्यांच्या डोळ्यांदेखत आत शिरतो. या चोराला अडवणारा एकच शिपाई आहे: सॉकेटच्या आतला, बोटभर लांबीचाही नसलेला तो वाकवलेला पत्रा. त्याच्याच निगराणीत देश सर्वाधिक निष्काळजी आहे.

आता दुकानदाराने तोललेल्या त्या भरीव पिनेचा हिशेब पाहू जाता काय दिसते? 16 अँपिअरच्या प्लगची धारावाहक पिन सुमारे 7 मिलिमीटर व्यासाची असते. ती भरीव असेल तर तिचे छेदक्षेत्र सुमारे 39 चौरस मिलिमीटर होते. पितळाची वाहकता तांब्याच्या साधारण 28 टक्के धरली तरी ती पिन 11 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तोडीची ठरते. त्या सॉकेटपर्यंत भिंतीतून येणारी तार मात्र बहुधा 2.5 किंवा 4 चौरस मिलिमीटरची असते. म्हणजे गल्लीतून आलेली वाहतूक शेवटच्या दोन सेंटिमीटरपुरती महामार्गावर सोडायची आणि मग स्पर्शबिंदूच्या सुईच्या नेढ्यातून ओवायची.

हीच पिन पोकळ केली आणि तिची भिंत 1 मिलिमीटर जाडीची ठेवली, तर निम्म्याहून अधिक पितळ वाचते. दोन सेंटिमीटर लांबीच्या त्या पोकळ पिनेत 16 अँपिअरला सुमारे 17 मिलिवॉट उष्णता होते. भरीव पिनेत सुमारे 8 मिलिवॉट. दुप्पट पितळ ओतून मिळालेला लाभ 9 मिलिवॉटांचा. सैल स्पर्शात जळणारे 5 वॉट याच्या पाचशेपटीहून जास्त आहेत. ग्राहकाने पैसे मोजले ते या 9 मिलिवॉटांसाठी. 5 वॉटांची चौकशी त्याने केलीच नाही, कारण ती करायची असते हे त्याला कोणी शिकवले नाही.

येथवर वाचून स्वस्त मालाचा कारखानदार सुखावला असेल, तर त्याने थांबावे. धातू कमी करण्याचा त्याचा मार्ग म्हणजे तोच साचा, तोच आकार आणि पातळ पत्रा. एका टोकाला धरलेल्या पट्टीचे बल तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. पत्रा 20 टक्क्यांनी पातळ केला की तितक्याच वाकण्याला मिळणारे बल 51 टक्क्यांवर येते. पाचव्या हिश्श्याची बचत करताना निम्मी पकड गेली, आणि हे बाहेरून कोणाला दिसतही नाही. नव्या सॉकेटमध्ये प्लग पहिल्या दिवशी बरा बसतो. वर्षभराने तो हलू लागतो तेव्हा दोष ‘वायरिंग’ला दिला जातो. अशा रीतीने धातू कमी करणे हा काटकसरीचा नमुना नाही. ती ग्राहकाच्या घरात ठेवलेली उधारी आहे आणि तिचे व्याज आगीच्या रूपाने वसूल होते.

खरी काटकसर वेगळ्या वाटेने जाते. सरळ, सारख्या रुंदीची पट्टी वाकवली की सर्वाधिक ताण तिच्या बुडाशी पडतो आणि टोकाकडे तो शून्यावर येतो. बुडाचा धातू राबतो, टोकाचा नुसता सोबत असतो. तीच पट्टी बुडाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती केली की ताण सर्वत्र सारखा वाटला जातो. पूर्ण निमुळत्या पट्टीत दर घनमिलिमीटर धातूमागे साठणारी स्थितिस्थापक ऊर्जा सरळ पट्टीच्या तिप्पट असते. टोकाशी पिनेला टेकण्यापुरती रुंदी ठेवावीच लागते, त्यामुळे तिप्पट लाभ प्रत्यक्षात हाती येत नाही. पण त्याचा मोठा हिस्सा कात्री नीट चालवण्यातून मिळतो, तोही त्याच पितळातून.

दुसरी वाट मिश्रधातूची. पितळ, फॉस्फर ब्राँझ आणि बेरिलियम तांबे यांचा ताठरपणा फारसा वेगळा नाही. वेगळी आहे ती वाकून कायमचे न बिघडण्याची क्षमता, आणि गरम झाल्यावरही दाब टिकवून धरण्याची क्षमता. फॉस्फर ब्राँझची वाहकता पितळाहून कमी असूनही चांगल्या जोडांत ते वापरतात, कारण जोडात आधी पकड लागते. तिसरी वाट श्रमविभागणीची. वाहून नेण्याचे काम तांब्याने करावे, दाबण्याचे काम बाहेरून बसवलेल्या पोलादी स्प्रिंगने. पोलाद स्वस्त आहे, ताठर आहे आणि तापल्यावर पितळासारखे लवकर मरत नाही. मोठ्या धारेच्या जोडांत ही युक्ती सर्रास वापरतात. चौथी वाट कारखान्याच्या प्रेसवरची. पत्र्याच्या पट्टीतून टर्मिनल कापताना उरणारा भंगार हा आकारांच्या मांडणीचा प्रश्न आहे. चार नग कसे एकमेकांत गुंफले जातात, यावर किती पितळ परत भट्टीत जाईल हे ठरते. या चारही वाटांवर धातू कमी होतो आणि पकड वाढते किंवा निदान टिकते. त्यांत कोठेही जादू नाही. बारावीनंतरचे भौतिकशास्त्र आणि साचेकाराचा सराईत हात एवढेच भांडवल त्यांना लागते.

भारतीय सॉकेटपुढे तर एक खास कोडे आहे. 6 अँपिअरच्या तीन पिनांच्या प्लगच्या पिना सुमारे 5 मिलिमीटर जाडीच्या, तर युरोपीय धाटणीच्या दोन पिनांच्या मोबाइल चार्जरच्या पिना 4 मिलिमीटरच्या. एकाच स्प्रिंगने सकाळी इस्त्रीच्या जाड पिनेला वाट द्यायची आणि रात्री चार्जरच्या बारीक पिनेला कवेत घ्यायचे. स्प्रिंग आपल्या स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे एकदा उघडली गेली, की ती पुरती मिटत नाही आणि चार्जर तोंड वाकडे करून लोंबू लागतो. त्याला कागदाची घडी लावून टेकू देणे हा घराघरांतला संस्कार झाला आहे. 1 मिलिमीटरचा हा फरक पचवणारी, कमी धातूची, वर्षानुवर्षे टिकणारी पकड घडवणे हा अभियांत्रिकीचा अस्सल भारतीय प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी परदेशातून कोणी येणार नाही, कारण तो परदेशाचा प्रश्नच नाही.

धातू बदलताना जोडाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेने देऊन ठेवला आहे. 1960 च्या दशकात तांबे महागले, तेव्हा तेथील लाखो घरांत ॲल्युमिनिअमची तार घालण्यात आली. हिशेब तारेचा झाला, सांध्याचा झाला नाही. ॲल्युमिनिअमवर चढणारा ऑक्साइडचा कठीण थर, स्क्रूखाली त्याचे हळूहळू पसरणे आणि सैल पडणे हे सारे सांध्याशी घडत होते. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सर्वेक्षणाप्रमाणे, 1972 पूर्वीच्या अशा ॲल्युमिनिअमच्या तारेच्या घरांत एखादा तरी सांधा आगीच्या धोक्याच्या पातळीला पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या तारेच्या घरांच्या 55 पट होती. तार निर्दोष होती. धातू स्वस्त करणाऱ्यांनी सांध्याची विद्या विकत घेतली नव्हती.

‘हे मिस्त्रीचे काम, यात विज्ञान कसले?’ असा प्रश्न विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर जिनिव्हाजवळच्या बोगद्यात मिळते. 19 सप्टेंबर 2008 रोजी, सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा सर्नचा महाकाय कण-त्वरक एका सदोष सांध्यामुळे बंद पडला. दोन चुंबकांना जोडणाऱ्या सांध्याचा रोध सुमारे 200 नॅनोओहम होता. सुमारे 8,700 अँपिअर धारेला त्यातून सुरुवातीस निघणारी उष्णता 15 वॉटांच्या आसपास भरते, म्हणजे छोट्या एलईडी दिव्याएवढी. त्या सांध्यातून पुढे विद्युत ठिणगी पेटली, सुमारे 6 टन हेलियम बोगद्यात पसरला, 53 चुंबक दुरुस्तीस वा बदलण्यास काढावे लागले आणि वर्षभराहून अधिक काळ यंत्र थांबले. त्या यंत्राच्या उभारणीत इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा वाटा होता, त्याच्या प्रयोगांत भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते आणि आहेत. तेथे सांध्याचा रोध मोजणे हे उच्च विज्ञान ठरते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तेच मोजणे हलके काम ठरते. हा भेद विज्ञानाने केलेला नाही, प्रतिष्ठेने केलेला आहे. होल्म यांच्या नावाने भरणारी विद्युत संपर्कांवरील परिषद 1953 पासून चालत आली आहे. एवढ्या वर्षांत हा विषय संपला नाही, यातच त्याची खोली दिसते.

आता देशाच्या धोरणाकडे वळावे. जून 2023 मध्ये केंद्र सरकारने 30 महत्त्वपूर्ण खनिजांची यादी जाहीर केली. तांबे त्या यादीत आहे. 2018 मध्ये तुतिकोरिनचा प्रकल्प बंद पडल्यानंतर भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ निर्यातदार राहिला नाही, आयातदार झाला. नव्या भट्ट्या उभ्या राहत आहेत. तरी त्यांना लागणारे खनिज मुख्यतः परदेशातूनच येते. मार्च 2025 मध्ये 22,919 कोटी रुपयांची इलेक्ट्रॉनिक घटक निर्मिती योजना मंजूर झाली आणि विद्युत-यांत्रिक घटकांचा तीत समावेश आहे. जुलै 2025 मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. आकडे भरघोस आहेत. मथळे चिपचे, क्वांटमचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे आहेत. ज्या टर्मिनलांतून या साऱ्याला वीज पोहोचायची, त्यांच्याविषयी एक ओळही नसते. प्लगच्या पिना आणि टर्मिनल घडवणारे हजारो लघुउद्योग जामनगरात आहेत. पितळाचे भंगार वितळवून ते देशाला जोड पुरवतात. त्यांच्या दारी एकही संशोधन योजना स्वतःहून जात नाही. ते नमुना पाहून नमुना काढतात आणि स्पर्धा वाढली की पत्रा पातळ करतात. दोष त्यांच्या नीतीचा जितका, तितकाच त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्या विद्वत्तेचा आहे.

प्रतिवाद ठाऊक आहेत. पहिला असा, की जाड धातू गैरवापर सोसतो. यात तथ्य आहे: जाड धातू उष्णता पसरवतो, आडदांड हाताळणीत वाकत नाही आणि स्क्रूला पुरेसे आटे देतो. जेथे ते कारण आहे तेथे जाडी ठेवावी. मात्र स्प्रिंग एकदा मेली की मागे कितीही पितळ असले तरी ते तापत राहण्यापलीकडे काही करू शकत नाही. दुसरा प्रतिवाद असा, की नवा साचा लहान कारखानदाराला परवडत नाही. हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशाने व्हायला हवे. बंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था, पुण्याची एआरएआय, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आयआयटी यांनी 6 व 16 अँपिअरच्या संपर्कांचे तपासलेले आराखडे, मिश्रधातूंच्या शिफारशींसह आणि साच्यांच्या रेखाचित्रांसह, सर्वांसाठी खुले करावेत. असे घडू शकते याचा दाखला आहे: ऑक्टोबर 2023 मध्ये हलक्या विद्युत वाहनांसाठी देशात विकसित झालेल्या एकत्रित चार्जिंग जोडाला भारतीय मानक ब्यूरोने मानकाचे रूप दिले. वाहनाच्या जोडासाठी जे जमले, ते घराच्या जोडासाठी जमत नाही असे म्हणणे हा आळस आहे.

प्लग आणि सॉकेटांसाठीच्या ‘आयएस 1293’ या मानकातील चाचण्यांचा रोख वजनावर नाही. तापमान किती वाढते, पिन ओढून काढण्यास किती बल लागते, वारंवार वापरानंतर काय उरते, असे योग्य प्रश्न त्यात आहेत. उत्तरे मात्र चाचणीगृहाच्या कागदांत बंद राहतात आणि वेष्टनावर ‘हेवी ब्रास’ झळकते. तापमानवाढ आणि दीर्घ वापरानंतरची पकड हे दोन आकडे प्रत्येक सॉकेटच्या वेष्टनावर छापण्याची सक्ती व्हावी. पंख्यावर आणि फ्रिजवर तारे मोजायला भारतीय ग्राहक शिकला. पकडीचे न्यूटन वाचायलाही तो शिकेल.

तोवर निदान एवढे व्हावे. दुकानदार प्लग तळहातावर तोलू लागला, की गिऱ्हाईकाने तो त्याच्या हातून घ्यावा, वीज न जोडलेल्या नव्या सॉकेटमध्ये घालावा आणि ओढून पाहावा. नंतर चार्जरची बारीक पिन घालून पाहावी. जो सॉकेट दोन्ही पिना सारख्याच घट्ट धरतो, तो हलका असला तरी घ्यावा. जो धरत नाही, तो भरीव पितळाचा असला तरी तेथेच ठेवावा.